वर-खाली चालणारा दांडा आणि फिरणारे चाक
(पवनचक्कीविषयी एक अभ्यासपाठ)

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत एक विद्यार्थिनी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. "जय भीम सर. कडबाकुट्टीचा तास आठवतो का?" असे तिने हसत विचारले. आठवतो तर खराच. परंतु त्या तासाचा पूर्वार्ध आठवला की आजही आमची मान थोडी खाली जाते. त्या तासाची हकिगत आणि त्यातून निर्माण झालेला पाठ या स्मरणिकेत लिहून ठेवावा, असा आग्रह तिनेच धरला. तो आम्ही आनंदाने मान्य केला.

तेव्हा ती नववीत होती. औद्योगिक क्रांतीचा पाठ चालू होता. जेम्स वॉटचे नाव फळ्यावर लिहून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळत असताना तिने हात वर केला. "सर, आमच्या गावाच्या रस्त्याला एका शेतात पाणी उपसणारी पवनचक्की आहे. तिचा दांडा दिवसभर वर-खाली होत राहतो. टाकी भरून वाहू लागली तरी होत राहतो. त्याच दांड्याने कडबाकुट्टीचे चाक फिरवता येणार नाही का? सुट्टीत घरी गेले की ते चाक मलाच फिरवावे लागते."

आम्ही इतिहासाचे शिक्षक. उत्तर ठाऊक नव्हते. "हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही, विज्ञानाच्या सरांना विचार," एवढे बोलून आम्ही पुढे गेलो. वर्ग हसला, ती खाली बसली. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. ज्या समाजाला शतकानुशतके 'हे ज्ञान तुमच्यासाठी नाही' असे सांगण्यात आले, त्या समाजातील एका मुलीला आम्ही वेगळ्या शब्दांत तेच सांगितले होते. आणि तेही आपल्याच शाळेत, आपल्याच फळ्यासमोर.

आठ दिवसांनी आम्ही वर्गात उभे राहून सांगितले, की प्रश्न योग्य होता, उत्तर आम्हाला येत नव्हते, आणि आता थोडेफार येऊ लागले आहे. पुढील मजकूर हा त्या पाठाचाच विस्तार आहे.

फिरणारे चाक दांड्याला का जुंपले?

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. पवनचक्कीचे चक्र मुळात गोल फिरते. त्याचे वर-खाली चालणाऱ्या दांड्यात रूपांतर माणसाने मुद्दाम केलेले आहे. मग जी गती फिरतीच होती, तिला आधी वर-खाली करायचे आणि नंतर पुन्हा फिरवायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? याचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते.

जुन्या पवनचक्क्या दळणासाठी होत्या. इराणच्या सीस्तान प्रदेशात उभ्या आसाभोवती फिरणाऱ्या चक्क्या होत्या. युरोपात बाराव्या शतकापासून आडव्या आसाच्या चक्क्या आढळतात. दळणाला गोल गतीच लागते, त्यामुळे तेथे वर-खालीचा प्रश्न उद्भवत नव्हता. नेदरलँड्समध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन या कारागिराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्कीच्या आसाला क्रँक, म्हणजे वाकडी भुजा, जोडून करवत वर-खाली चालवली. तेथे गोल गतीतून वर-खाली गती घेतली गेली, कारण लाकूड कापणाऱ्या करवतीला ती हवी होती. गती कोणती हवी हे काम ठरवते, हा या पाठाचा पहिला धडा.

आता अमेरिकेकडे वळू. १८६२च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना प्रत्येकी १६० एकर जमीन मिळण्याची सोय झाली आणि मध्य-पश्चिमेकडील विस्तीर्ण गवताळ मैदानांत शेती पसरली. ही जमीन मोकळी नव्हती. तेथील मूळ रहिवासी जमातींना हुसकावून ती मोकळी करण्यात आली होती, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. त्या मैदानांत नद्या-ओढे विरळ, पाणी जमिनीखाली खोल आणि वारा मात्र भरपूर. म्हणून तेथे पवनचक्कीचे पहिले काम ठरले ते पाणी उपसण्याचे.

डॅनियल हॅलडे या कनेक्टिकट राज्यातील यंत्रकारागिराने १८५४ मध्ये आपोआप नियंत्रित होणारी पवनचक्की तयार केली. वारा वाढला की तिच्या पात्यांचा कोन आपोआप बदले आणि चक्र बेफाम होत नसे. त्यामुळे शेतकऱ्याला चोवीस तास राखण करीत बसण्याची गरज उरली नाही. १८६३ मध्ये हा उद्योग इलिनॉय राज्यातील बटेव्हिया येथे, म्हणजे गिऱ्हाइकांच्या जवळ गेला. पुढे १८६७ मध्ये विस्कॉन्सिन येथील लेनर्ड व्हीलर यांनी 'इक्लिप्स' ही चक्की काढली. जोराच्या वाऱ्यात तिचे संपूर्ण चक्रच कडेने वाऱ्याकडे वळत असे. रेल्वे कंपन्यांनीही वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी अशा मोठ्या चक्क्या उभारल्या.

या चक्क्यांना इतकी पुष्कळ पाती का असतात, असे मुले विचारतात. विहिरीतील पंपाला सुरुवातीलाच पाण्याचा स्तंभ उचलायचा असतो. पाती जास्त असली की चक्र सावकाश फिरते, पण थांबलेल्या स्थितीतून जोर लावून सुरू होते. बैल चालतो हळू, पण ओझे ओढतो, तसेच हे आहे.

थॉमस पेरी या अभियंत्याने १८८२-८३ मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या चक्रांवर पाच हजारांहून अधिक प्रयोग केले. त्यातून वक्र पोलादी पात्यांचे चक्र सिद्ध झाले आणि ते घेऊन १८८८ मध्ये ला व्हर्न नॉइस यांच्यासोबत शिकागोची 'एअरमोटर' कंपनी उभी राहिली. पोलादी चक्र लाकडी चक्रापेक्षा वेगाने फिरे. तो वेग पंपाला सोसवत नसे. म्हणून चक्र आणि दांडा यांच्यामध्ये दंतचक्रे बसवण्यात आली. या कंपनीच्या चक्कीत चक्राच्या सुमारे सव्वातीन फेऱ्या झाल्या की दांडा एकदा वर जाऊन खाली येतो.

आता पंपाच्या आत काय होते ते पाहू. दांडा वर जातो तेव्हा दट्ट्या पाणी उचलतो. दांडा खाली येतो तेव्हा दट्ट्यातील झडप उघडते आणि तो पाण्यातून विनासायास खाली उतरतो. म्हणजे खरे काम केवळ वर जाताना होते. त्यामुळे दांडा ओढ सोसण्यापुरता मजबूत असतो. दाब देण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. बारीक लांब काठी ओढली तर तुटत नाही, दाबली तर वाकते. ही एक साधी गोष्ट पुढच्या सर्व अडचणींचे मूळ आहे.

पहिले उत्तर : वेगळी चक्की उभारणे

पाणी आले, गुरे वाढली, की शेतकऱ्याला इतर कामे दिसू लागली. मक्याचे दाणे सोडवणे, जनावरांसाठी धान्य भरडणे, चारा बारीक करणे, लाकूड कापणे, लोणी घुसळणे, हत्यारांना धार लावणे. ही सर्व यंत्रे गोल गतीवर चालतात.

कारखानदारांनी यावर स्वतंत्र चक्की दिली. तिच्या माथ्यावर क्रँकऐवजी तिरकस दात्यांच्या दंतचक्रांची जोडी असे. चक्राचा आडवा आस फिरला की मनोऱ्याच्या मध्यातून खाली येणारा उभा दंड फिरे. तळाशी दंतचक्रांची दुसरी जोडी त्या गतीला पुन्हा आडवे करी. तेथून कप्प्या आणि पट्टे लावून निरनिराळी यंत्रे चालत. अशी चक्की बहुधा गोठ्याच्या किंवा कोठाराच्या छपरावरच बसवीत, म्हणजे यंत्रे सावलीत राहत. तिचे चक्र पंपाच्या चक्कीपेक्षा मोठे, साधारणपणे १२ ते १६ फूट व्यासाचे असे.

तत्त्वतः हेच सरळ उत्तर होय. गती कोठेही मोडली जात नाही. मात्र त्यातही एक खोच आहे. खाली यंत्रावर भार आला की उभा दंड अडतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून वरचे डोकेच वळू पाहते. परिणामी चक्र वाऱ्याच्या दिशेपासून बाजूला सरकते आणि नेमकी गरज असतानाच शक्ती कमी होते. शेपटीच्या रचनेत त्याची भरपाई करावी लागे. पंपाच्या दांड्याला हा रोग नाही, कारण तो सरळ खाली-वर जातो आणि डोक्याला वळवत नाही.

खरी अडचण पैशाची होती. ज्याच्या शेतात पंपाची चक्की आधीच उभी आहे, त्याने आणखी एक मोठी, महाग चक्की कोठून आणावी? मग तो आपल्या जुन्या दांड्याकडे पाहू लागतो. आमच्या विद्यार्थिनीनेही तेच केले होते. तिचा प्रश्न भाबडा नव्हता. ज्याच्याजवळ दुसरी चक्की घेण्याची ऐपत नाही, त्या माणसाचा तो प्रश्न होता.

दुसरे उत्तर : क्रँक आणि जड चाक

दांड्याच्या गतीतून चाक फिरवण्याचे यंत्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. ते म्हणजे पायाचे शिवणयंत्र. पायाखालची पट्टी पुढे-मागे हलते. तिला जोडलेला दांडा वर-खाली होतो. तो मोठ्या चाकाच्या मध्यापासून थोड्या अंतरावर बसवलेला असल्यामुळे चाक फिरते.

शिवणकाम शिकणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी दोन अनुभव येतात. एक, कधी कधी पाय कितीही दाबला तरी चाक हलत नाही; हाताने थोडे ढकलावे लागते. दुसरा, कधी चाक उलटे फिरते आणि दोरा तुटतो. दोन्हींचे कारण एकच. दांडा आणि भुजा एका रेषेत आल्या की त्या जागी दांड्याचा जोर चाकाला फिरवू शकत नाही. अशा जागा प्रत्येक फेरीत दोन येतात, एक वर आणि एक खाली. त्यांना मृतबिंदू म्हणतात. तेथून चाक कोणत्या बाजूला जाईल हे दांडा ठरवत नाही. चाकात आधीपासून असलेला वेग ठरवतो. म्हणून चाक जड ठेवतात. एकदा फिरू लागलेले जड चाक स्वतःच्या वेगाने मृतबिंदू ओलांडते. इंग्रजीतून आलेला शब्द फ्लायव्हील. काम मात्र साठवणीचे. जोर मिळतो तेव्हा तो साठवायचा आणि मिळत नाही तेव्हा तो परत द्यायचा.

येथे जेम्स वॉटची आठवण करणे योग्य होईल. त्याची पहिली वाफेची इंजिने खाणीतले पाणी उपसत. त्यांची तुळई वर-खाली चाले. गिरणीवाल्यांना मात्र फिरता आस हवा होता. क्रँक वापरावी, तर जेम्स पिकार्ड याने १७८० मध्ये क्रँकच्या वापरासंबंधी पेटंट घेऊन ठेवलेले. तेव्हा वॉटने १७८१ मध्ये 'सूर्य-ग्रह' दंतचक्रांची युक्ती पेटंट करून वाट काढली. पाणी उपसणाऱ्या यंत्राकडून फिरते काम करून घेण्याचा हा प्रश्न म्हणजे आमच्या विद्यार्थिनीचाच प्रश्न होता. फळ्यावर वॉटचे नाव लिहून आम्ही पुढे निघालो, तेव्हा उत्तर आमच्या पाठीमागच्या फळ्यावरच होते. आम्हाला ते दिसले नाही.

वर्गातील प्रयोग आणि त्यातील चूक

आम्ही वसतिगृहातील एक मोडकी सायकल उलटी करून ठेवली. बांबूची कांब दोन खिळ्यांच्या मध्ये वर-खाली होईल अशी बसवली; तिची चाल १५ सेंटिमीटर होती. पुढच्या चाकाच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर एक बोल्ट बांधला, त्याला कांबीने जोडले आणि कांब हलवली. चाक पाळण्यासारखे झुलत राहिले. एकही फेरी पूर्ण होईना.

चूक कोठे होती हे आम्हाला कळले नाही, मुलींना कळले. बोल्ट मध्यापासून १० सेंटिमीटरवर असेल, तर चाकाच्या एका फेरीत तो वरपासून खालपर्यंत २० सेंटिमीटर जातो. कांब तर १५ सेंटिमीटरच हलते. मग फेरी पूर्ण व्हावी कशी? याच्या उलट, कांबीची चाल २० सेंटिमीटरपेक्षा जास्त असती, तर चाक मृतबिंदूवर पोहोचल्यावरही कांब ढकलत राहिली असती आणि काहीतरी मोडले असते. म्हणजे दांड्याची चाल आणि भुजेच्या लांबीची दुप्पट यांचा मेळ बसलाच पाहिजे.

पवनचक्कीच्या माथ्यावर चढून तिची चाल बदलणे सोपे नाही. मुलींनी खाली एक तरफ लावली. टेकूच्या एका बाजूस ३० सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूस ४० सेंटिमीटर. एका टोकाची १५ सेंटिमीटरची चाल दुसऱ्या टोकाला २० सेंटिमीटर झाली आणि चाक फिरले. तरफेला जवळजवळ तीन-चार भोके ठेवली, म्हणजे बारीक फरक जुळवता येतो, हेही त्यांनीच सुचवले. रिमला तार गुंडाळून चाक जड केले, तेव्हा ते अधिक एकसारखे फिरू लागले.

तरी दोन दोष राहिले. कांब खाली दाबताना वाकत होती, त्यामुळे जोर अर्ध्या फेरीतच मिळत होता. शिवाय हात थांबला तरी जड चाक थांबेना आणि कांबीलाच ओढू लागले. खऱ्या चक्कीत वाऱ्याची झुळूक ओसरली की असेच होईल. खालचे चाक वरच्या चक्राला फिरवू लागेल आणि दाब न सोसणारा दांडा वाकेल.

तिसरे उत्तर : एकाच बाजूला पकडणारे चाक

या दोन्ही दोषांवरचा उपाय त्याच सायकलच्या मागच्या चाकात होता. पायडल मारणे थांबवले तरी सायकल पुढे जाते आणि मागून 'कट् कट्' असा आवाज येतो. फ्रीव्हीलच्या आत तिरक्या दात्यांचे कडे असते आणि स्प्रिंगने दाबलेल्या लहान खिट्ट्या असतात. दुरुस्ती करणारे कारागीर त्यांना 'कुत्रे' म्हणतात. एका दिशेने त्या दात्यांना पकडतात, दुसऱ्या दिशेने घसरून जातात. यंत्रशास्त्रात या रचनेला रॅचेट म्हणतात.

मुलींनी साखळीचा तुकडा फ्रीव्हीलवरून घातला. एक टोक तरफेला बांधले, दुसऱ्या टोकाला वीट टांगली. तरफेने साखळी ओढली की चाक फिरे. तरफ परत गेली की वीट साखळीला मागे नेई आणि चाक मात्र पुढेच फिरत राही. येथे मृतबिंदू नाही. चाल कमी-जास्त झाली तरी बिघडत नाही. चाक उलटे फिरण्याची भीती नाही. दांड्याला केवळ ओढायचे असते, आणि तेच त्याला उत्तम जमते.

दांडा परतताना काम फुकट जाते, त्यावरही उपाय आहे. विटेऐवजी मोठे वजन लावावे. दांडा वर जाताना त्याचा अर्धा जोर यंत्राला आणि अर्धा वजन उचलायला जाईल. वजन खाली येताना दुसऱ्या खिटीमार्फत तेच यंत्र फिरवील. अशा रीतीने दोन्ही फेरे कामाला येतात.

दोष याही रचनेत आहेत. प्रत्येक फेऱ्यात खिटी दात्यावर आपटते. मिनिटाला तीसेक फेरे झाले, तर दिवसाच्या दहा तासांत हे आपटणे अठरा हजार वेळा होते. दाते झिजतात, खिट्ट्या तुटतात, तेलपाणी सतत पाहावे लागते. शिवाय खालचा आस फार सावकाश फिरतो. भरड दळणाऱ्या यंत्राला लागणारा वेग मिळवायचा तर मोठ्या कप्पीवरून लहान कप्पीवर पट्टा घ्यावा लागतो, आणि प्रत्येक पट्टा थोडी शक्ती खातो.

आता हिशेब

मुलगी शेवटी म्हणाली, "म्हणजे चालेल ना सर?" आम्ही म्हणालो, "चाक फिरेल. कडबा कापला जाईल का, ते आकडे सांगतील."

वाऱ्यातील शक्ती काढण्याची रीत अशी : हवेच्या घनतेचा निम्मा आकडा, गुणिले चक्राचे क्षेत्रफळ, गुणिले वाऱ्याच्या वेगाचा घन. चक्राचा व्यास ५ मीटर धरू. क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस मीटर. घनतेचा निम्मा आकडा ०.६ धरू. वारा सेकंदाला ४ मीटर असेल तर वाऱ्यातील शक्ती सुमारे ७५० वॅट. ही सगळी कोणालाच मिळत नाही. आदर्श चक्रालाही ५९ टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. अनेक पात्यांच्या चक्कीला २० टक्के मिळाली असे धरू, म्हणजे १५० वॅट. दांडा, तरफ, खिटी आणि पट्टा यांत चौथा हिस्सा गेला असे मानले तर हाती सुमारे ११० वॅट येतात.

सतत हाताने चाक फिरवणारा धडधाकट माणूस सुमारे ७५ वॅट काम देतो. म्हणजे एवढी मोठी चक्की मध्यम वाऱ्यात दीड माणसाचे काम करील. वारा ३ मीटरवर आला तर एका माणसाचेही होणार नाही. तोच वारा ६ मीटर झाला तर शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते, कारण वेगाचा घन घ्यावा लागतो. हाती सुमारे ३८० वॅट येतील, म्हणजे पाच माणसांचे काम. याउलट दोन अश्वशक्तीची विजेची मोटर सुमारे १५०० वॅट देते, आणि वाऱ्याची वाट पाहत नाही.

पाणी साठवता येते. रात्री वारा आला तर टाकी रात्री भरेल. सकाळी गुरे पितील. कडबाकुट्टीचे तसे नाही. कापणारा माणूस उभा असेल तेव्हाच वारा हवा. पवनचक्की पाण्यासाठीच का टिकली, याचे हे खरे कारण आहे.

इतिहासाने दिलेला कौल

अमेरिकेतही असेच घडले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शेतांवर लहान पेट्रोल इंजिने आली आणि धान्य भरडण्यासारखी कामे त्यांनी घेतली. गंमत अशी, की तेव्हा उलट दिशेच्या जोडणीला मागणी आली. इंजिन गोल फिरते आणि विहिरीतला जुना पंप मागतो वर-खाली गती. त्यासाठी 'पंप-जॅक' नावाचे साधन विकले जाऊ लागले. वारा नसेल त्या दिवशी इंजिनाने तोच दांडा हलवायचा. पंपाच्या चक्क्या मात्र चालतच राहिल्या. १९१५ मध्ये 'एअरमोटर'ने दंतचक्रे तेलाच्या बंद पेटीत ठेवली. मग वर्षातून एकदा तेल बदलले की पुरे होऊ लागले. १९३६च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर वीज शेतोशेती गेली आणि त्यांचाही बहर ओसरला.

या इतिहासात दोन गोष्टी आम्हाला विशेष मोलाच्या वाटतात.

पहिली नेब्रास्का राज्यातील. ज्यांना कारखान्याची चक्की परवडत नव्हती, त्या शेतकऱ्यांनी जुनी लाकडे, पेट्या, मोडक्या यंत्रांचे आस जमवून स्वतःच्या चक्क्या बांधल्या. तेथील विद्यापीठाचे प्राध्यापक अर्विन बार्बर यांनी गावोगाव हिंडून त्या पाहिल्या, त्यांची चित्रे काढली आणि १८९९ मध्ये त्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत 'जंबो' नावाची चक्की होती. आडव्या आसावर फळ्या बसवलेले चाक एका मोठ्या खोक्यात ठेवलेले. खालचा अर्धा भाग झाकलेला, वरच्या अर्ध्यावर वारा. दिसायला ओबडधोबड, पण तिचा फिरता आस जमिनीजवळ, हाताशी होता. एका विद्वानाने अशिक्षित मानल्या गेलेल्या हातांचे काम विद्यापीठाच्या कागदावर नोंदवण्यायोग्य मानले, ही गोष्ट आम्हाला पवनचक्कीहून मोठी वाटते.

दुसरी डेन्मार्कमधील. आस्कोव्ह येथे ग्रामीण तरुणांसाठी एक निवासी लोकशाळा होती. तेथील शिक्षक पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये शाळेजवळ प्रयोगाची पवनचक्की उभारली. वाऱ्याचा जोर कमी-अधिक झाला तरी यंत्राला एकसारखी गती मिळावी म्हणून त्यांनी कप्प्या आणि वजने यांची योजना केली; तिला 'क्रॅटोस्टॅट' म्हणत. चक्कीपासून वीज, विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन, आणि त्या हायड्रोजनच्या दिव्यांनी शाळा उजळली. साठवण्याचा जो प्रश्न कडबाकुट्टीपाशी अडला होता, तो त्यांनी वायूच्या रूपाने सोडवून पाहिला. पुढे त्यांनी खेड्यांतील तरुणांना वीजकामाचे शिक्षण दिले. निवासी शाळा, गावाकडची मुले आणि एक जिज्ञासू शिक्षक, एवढ्या सामग्रीवर हे काम झाले.

चाक कोण फिरवतो?

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात यंत्राविषयी स्पष्ट भूमिका मांडली आहे. यंत्रे नाकारून माणूस मुक्त होत नाही. पशुवत कष्टांतून सुटका, फुरसत आणि त्या फुरसतीतून संस्कृतीचे जीवन यंत्रामुळेच शक्य होते. यंत्रापासून दुःख निर्माण होत असेल तर दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मोजक्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. नववीतल्या त्या मुलीने ग्रंथ वाचला नव्हता. पण सुट्टीत पुस्तक बाजूला ठेवून चाक फिरवताना तिला जो प्रश्न पडला, तो फुरसतीचाच प्रश्न होता.

आणखी एक विचार. पंपासाठी बांधलेल्या यंत्राला दुसरे काम लावायचे झाले, की जुन्या रचनेचे सर्व दोष सोबत घ्यावे लागतात. तरफ लावा, खिट्टी लावा, वजन टांगा. काम होते, पण प्रत्येक जोडणीत थोडी शक्ती गळते. संस्थांचे आणि समाजाचेही असेच असते. कोणती जोडणी तात्पुरती चालेल आणि कोठे नवी रचनाच उभारली पाहिजे, हे हिशेब मांडून ठरवावे. सवयीने ठरवू नये.

त्या विद्यार्थिनीच्या घरी पवनचक्की आली नाही. पुढे वीज आली, मोटर आली. ती स्वतः तंत्रशिक्षण घेऊन आज एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करते. मेळाव्यात ती म्हणाली, "सर, उत्तर 'नाही' असे निघाले तरी मला वाईट वाटले नाही. का नाही, ते मला काढता आले." शिक्षक म्हणून आम्हाला याहून मोठी पावती मिळालेली नाही.

पालकांना एवढीच विनंती, की मुलाने विचित्र प्रश्न विचारला तर 'हे आपल्या कामाचे नाही' असे म्हणू नका. आम्ही एकदा म्हणालो होतो.

स्वाध्याय
१. घरातील शिवणयंत्राचे चाक कोणत्या दोन जागी अडते ते खडूने खूण करून पाहा.
२. दांड्याची चाल २४ सेंटिमीटर असेल आणि तरफ वापरायची नसेल, तर चाकाच्या मध्यापासून बोल्ट किती अंतरावर बसवावा?
३. चक्राचा व्यास ५ मीटरवरून २.५ मीटर केला, तर त्याच वाऱ्यात शक्ती किती उरेल? क्षेत्रफळ काढून उत्तर द्या.
४. आपल्या गावात आजही हाताने फिरवले जाणारे एखादे चाक शोधा. ते कोण फिरवते, दिवसातून किती वेळ, हे लिहून काढा.

जय भीम.